जकात-कारकुनाची चित्रकला

घाऊक धान्यव्यापारात माझी चाळीस वर्षे रोजमेळ व खतावणी यांच्या नियमांत गेली. नवनिर्मिती हा आपला प्रांत नव्हे, असे मी मानीत आलो. पॅरिसच्या जकात खात्यातील कारकून आँरी रूसो (१८४४–१९१०) याची हकीकत वाचून तो समज ढळला. त्याने नोकरी सांभाळून, गुरूवाचून, चाळिशीच्या सुमारास चित्रकला आरंभिली; १८९३ साली नोकरी सोडून तीच धरली. अरण्य न पाहता, तेथील वनस्पती-उद्यानातील झाडे निरखून त्याने अरण्ये रंगविली. लोक हसले, आज ती चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

साठीनंतर मी पेटी शिकू लागलो आहे. हिशेबात पैचीही चूक मी कधी खपवून घेतली नाही. येथे रोज चुकतो, नातवंडे हसतात, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. सभासद बंधूंनी दुकान वाढविल्यावर असा अर्धा तास राखावा, ही विनंती.