घराजवळच्या तीन वाटा

गेल्या दिवाळीत आमच्या दारात आकाशकंदील लागला नव्हता. भाद्रपदात आई गेली, आणि अप्पा ओसरीवरच्या खुर्चीत बसले ते उठेचनात. सारा जन्म शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. पण दिवसाकाठी चार वाक्येही बोलेना. शेवटी भाऊबीजेच्या रात्री सौ.ने फर्मान काढले, "येत्या वर्षात निदान तीनदा तरी अप्पांना घराबाहेर काढायचं. लांब नको, पण बाहेर!"

आता सिल्लोडहून जाणार कुठे? पाहुण्यांच्या लेखी आमचे गाव म्हणजे अजिंठ्याला जाताना चहासाठी थांबायची जागा. खरे सांगायचे तर आम्हीही त्याला तेवढेच समजत होतो.

पहिली सफर अर्थातच अजिंठ्याची. गर्दी नको म्हणून मी मोठ्या हुशारीने सोमवारी रजा काढली. वाटेत चहावाल्याने सांगितले, सोमवारी लेणी बंद असतात! सौ.ची मुद्रा काय वर्णावी! मग गाडी वळवली ती लेणापूरच्या बाजूच्या व्ह्यू पॉइंटकडे. खाली वाघूर नदीचे वळण, आणि घोड्याच्या नालासारख्या कड्यात कोरलेली लेणी एका नजरेत दिसली. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला इथूनच दहाव्या लेण्याची कमान दिसली, असे सांगतात. मी बंडूला ते रंगवून सांगत होतो. अप्पा गाडीतून उतरलेच नाहीत. एवढेच म्हणाले, "गुराख्यांना ती आधीच ठाऊक असणार."

एकच वाक्य, पण आम्हा नवराबायकोला ते दिवाळीच्या फराळासारखे गोड लागले.

माघात जंजाळ्याला गेलो. हे आमच्याच तालुक्यातले गाव, आणि तिथले घटोत्कच लेणे मी पन्नाशी जवळ आली तरी पाहिलेले नव्हते! गावाबाहेर पठाराच्या कडेवरून खाली उतरावे लागते. अप्पा गावातल्या पारावरच थांबले. बंडू धापा टाकीत वर आला आणि म्हणाला, "अप्पा, तिथे भिंतीवर लेख आहे. वराहदेव कोण हो?"

झाले! वाकाटक राजा हरिषेणाचा तो मंत्री, पाचव्या शतकातला, अजिंठ्याचे सोळावे लेणेही त्यानेच करविलेले, हे सारे अप्पांनी वर्गात सांगावे तसे सांगितले. पारावरची चार माणसेही सरकून जवळ बसली.

तिसरी वाट मात्र अप्पांनीच काढली. आईचे वर्षश्राद्ध उरकले, आणि एके दिवशी ते आपणहून म्हणाले, "२३ सप्टेंबरला असईला जायचं."

असई शेजारच्या भोकरदन तालुक्यात. १८०३ साली याच तारखेला इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. पुढे वॉटर्लू जिंकूनही आपली सर्वांत उत्तम लढाई तो असईचीच मानी. केळणेच्या काठी गाडी थांबली, आणि अप्पा काठी टेकीत थेट पाण्यापर्यंत चालत गेले.

"बंडू, वाटाडे म्हणाले, इथं नदीला उतार नाही. पण वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्यावरून त्यानं काय ओळखलं?"

बंडूने डोके खाजवले. "गावकऱ्यांचं जाणं-येणं असणार!"

"शाबास! म्हणजे पाण्यातून वाटही असणार. उतार निघाला, फौज पार झाली, आणि आपण हरलो." थोडे थांबून ते म्हणाले, "तुझ्या आजीला ही गोष्ट मी लग्नानंतर सांगितली होती. ती म्हणाली होती, यात कसली हुशारी? हे तर कुठल्याही पाणी भरणाऱ्या बाईला कळेल."

वर्षभरात त्यांनी आईचे नाव काढले ते त्या दिवशी प्रथम. सौ. पदराने डोळे पुसत पाण्याकडे पाहत राहिली.

वाचकहो, तुमच्याही घराजवळ अशा वाटा असतील. खर्च फारसा नाही; शिदोरीला भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुरे.

यंदा आजोबा-नातू मिळून आकाशकंदील करताहेत. काल कामट्या तासताना अप्पा मला म्हणाले, "डिसेंबरात अजिंठा. या खेपेला मीही उतरेन. तू फक्त सोमवार सोड!"