जनगणनेतील बौद्ध लोकसंख्या : आकड्यांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न

भारतातील धर्मनिहाय लोकसंख्येसाठी जनगणना हाच प्रमुख आधार मानला जातो. तथापि जनगणनेत मोजली जाते ती व्यक्तीची श्रद्धा नव्हे, तर कुटुंबातील एकाने सांगितलेली व प्रगणकाने लिहून घेतलेली नोंद. बौद्धांच्या आकडेवारीत हा भेद विशेष ठळकपणे दिसतो.

१९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती; १९६१ मध्ये ती सुमारे २७.९ लाख झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेली व आपल्या अनुयायांना दिलेली धम्मदीक्षा हे या वाढीचे उघड कारण होय. मात्र दीक्षा घेतलेल्या सर्वांचा हा नेमका आकडा मानता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान नव्हते. सवलती गमावण्याच्या भीतीने कागदोपत्री ‘हिंदू महार’ हीच नोंद ठेवणारी कुटुंबे होती. बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. दाखल्यांवरील जुनी नोंद मात्र त्यामुळे आपोआप बदलली नाही.

त्यानंतरचे आकडे अधिक बोलके आहेत. २००१ ते २०११ या काळात देशातील बौद्ध ७९.५५ लाखांवरून ८४.४३ लाखांवर गेले; वाढ केवळ ६.१ टक्के. याच दशकात ‘अनुसूचित जातीचे बौद्ध’ ४१.५९ लाखांवरून ५७.५६ लाखांवर, म्हणजे ३८ टक्क्यांनी वाढले. वजाबाकी केली असता अनुसूचित जातींबाहेरचे बौद्ध सुमारे ११ लाखांनी घटलेले दिसतात. जन्म-मृत्यूच्या हिशेबात ही घट बसत नाही. धम्म स्वीकारताना जात टाकली, म्हणून प्रगणकाला ती न सांगणारा बौद्ध अनुसूचित जातींत मोजला जात नाही. तोच पुढे ‘महार’ असे सांगू लागला की मोजला जातो. माणूस तोच, रकाना बदललेला. धर्मसंख्येच्या चढउतारावर हिरिरीने वाद घालणारे हा रकाना क्वचितच उघडून पाहतात.

हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही. लोकसभा व विधानसभांतील राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवरून ठरतात. त्यामुळे तत्त्वासाठी जात न सांगणारा आपल्याच समूहाचा वाटा नकळत कमी करतो. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक असलेल्या जनगणनेत सर्वच जातींची नोंद करण्याचे केंद्र शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले. ‘धर्म बौद्ध, जात नाही’ हे उत्तर प्रगणक कसे लिहून घेणार, यावर त्या वेळचे दोन्ही आकडे अवलंबून राहतील.