हळू वाचा, पुटपुटत वाचा



सेवेत असूनही एक काळ मी पवित्र शास्त्र फक्त सभेतल्या संदेशाच्या तयारीसाठी उघडत असे. वाचन होई, प्रार्थना मात्र कोरडी. डोळे उघडले ते पाड्यावरच्या एका आजींमुळे. त्यांना अक्षरओळख नाही. सकाळी नातू एक वचन वाची आणि तांदूळ निवडताना आजी तेच पुटपुटत राहत.

स्तोत्र १ च्या दुसऱ्या वचनात मननासाठी जो इब्री शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ पुटपुटणे असाच आहे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठीही तोच शब्द येतो! म्हणजे मनन हे नुसते डोळे मिटून बसणे नव्हे.

स्तोत्र ११९ घ्या. १७६ वचने एकदम नकोत. इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे त्याचे ८-८ वचनांचे २२ भाग आहेत. दिवसाला एकच पुरे. मोठ्याने वाचा, एक वचन धरून ठेवा, त्यातल्याच शब्दांत देवाशी बोला. एखाद्या दिवशी काहीच सुचणार नाही, तरी वाचा. घरात वाचता न येणारे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसूनच वाचा.

पाड्यावर गेले की आजी विचारतात, “बाय, आज काय वाचलंस?” कधी कधी मला अजूनही खाली बघावे लागते.