फुर्नासच्या भूमीचे उच्छ्वास

पोर्तुगाल देशाच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागरात, अझोर्स नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील सर्वांत मोठ्या साव मिगेल बेटावर फुर्नास हे रमणीय गाव वसले आहे. गावाभोवती डोंगरांचे कडे आहे. पण ते कडे म्हणजे एका ज्वालामुखीच्या विशाल मुखाचा काठ होय! या ज्वालामुखीचा शेवटचा उद्रेक १६३० साली झाला. आज तो शांत आहे. निद्रिस्त मात्र म्हणवत नाही.

गावात उकळत्या पाण्याचे झरे आहेत. जवळच्या तळ्याकाठी लोक मांस व भाज्यांनी भरलेले भांडे जमिनीत पुरतात आणि पाच-सहा तासांनी शिजलेले अन्न वर काढतात. चूल नको, की लाकूडफाटा नको! परंतु ही भूमी केवळ ऊबच देते असे नाही. खोलवरच्या तप्त शिलारसातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड वायू मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून सतत वर येत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेहून तो सुमारे दीडपट जड. म्हणून सखल जागी साचतो. शंभर भाग हवेत तो दहा भागांहून अधिक झाला, तर माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो.

हा सारा ज्वालामुखीचा कारभार. त्यात वाऱ्यापावसाचा काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. हवेचे ओझे जमिनीवर अहोरात्र पडत असते. वादळ जवळ आले, की ते घटते. मग झाकण सैल व्हावे तसा मातीतील वायू प्रसरण पावून बाहेर पडू लागतो. दाब वाढला, की उलट वरची हवाच मातीत शिरते आणि वायू आत कोंडून राहतो. जोराचा वारा बाहेर आलेला वायू उधळून लावतो. निवांत रात्री मात्र तो खोलगट जागी तळ धरून बसतो.

पावसाची करामत याहून विलक्षण. पाणी मातीच्या छिद्रांत भरते व अंगणातून वर येणाऱ्या वायूची वाट बुजते. आता गाव निर्धास्त झाले असे वाटावे. पण घराच्या छपराखालची जमीन कोरडीच राहिलेली असते! बाहेर अडलेला वायू तिकडे वळतो आणि फरशीच्या भेगांतून तळघरात शिरतो. त्यातच हवेचा दाब उतरलेला, दारेखिडक्या घट्ट लावलेल्या. ज्या वेळी माणसाला घराचा आसरा हवा, नेमक्या त्याच वेळी धोका घरात वाढतो. फुर्नासमधील घरांत ठेवलेल्या मापकयंत्रांनी हे दाखवून दिले आहे. अशा घरांत खालच्या खोल्यांमध्ये हवा खेळती ठेवावी लागते. तेथे निजणे तर टाळलेलेच बरे.

गावाच्या परिसरात मातीतून येणारा वायू सतत मोजणारी यंत्रे आहेत. त्यांच्या जोडीला वायुदाब, पाऊस व वारा यांचीही नोंद ठेवली जाते, आणि ती अत्यावश्यक आहे. वायू एकाएकी वाढला, तर ज्वालामुखी जागा होत आहे, की केवळ वादळ येत आहे? पहिल्याला दुसरे समजले, तर गाव संकटात सापडेल. दुसऱ्याला पहिले समजले, तर लोकांना विनाकारण घरेदारे सोडावी लागतील. म्हणून शास्त्रज्ञ हवामानामुळे झालेला चढउतार प्रथम हिशेबातून वजा करतात, आणि मग उरलेल्या वाढीचे कारण भूगर्भात शोधू लागतात.