लोणावळ्याचें अंगण पुण्यांत उशिरां कां दिसतें ?

गेल्या आषाढांत एके सकाळीं आम्ही पुण्याच्या घरीं बसून चिरंजिवांच्या मोबाइलवर लोणावळ्याच्या घराचें अंगण पाहत होतों. मातुःश्री तुळशीला प्रदक्षिणा घालीत होत्या. इतक्यांत तेथील शेजारच्या काकूंचा आम्हांस फोन आला : "आई शेवाळावरून घसरल्या, मी निघालेंच !" पडद्यावर मात्र प्रदक्षिणा चाललीच होती. चित्र अर्धें मिनिट मागें होतें. सुदैवानें मुक्या मारावर निभावलें. परंतु त्या अर्ध्या मिनिटाचा छडा लावावयाचाच, असें आम्हीं ठरविलें.

मावळांत अशा वेळीं दोष पावसावर जातो. लोणावळ्यास वर्षाकाठीं दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, तेव्हां तें पटतेंही. पण हिशेब करून पाहावा. लोणावळा पुण्याहून सुमारें ६५ किलोमीटर. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे हें अंतर तो सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी वेळांत कापतो. तेव्हां उशीर बहुधा घराच्या आवारांतच होत असला पाहिजे.

तो नेमका कोठें होतो, हें घड्याळ सांगतें. सेकंदकांट्याचें घड्याळ कॅमेऱ्यापुढें धरावें. एकानें घरच्या वायफायवर व दुसऱ्यानें मोबाइलच्या इंटरनेटवर चित्र पाहून पडद्यावरील कांटा खऱ्या कांट्याशीं ताडावा.

दोन्हीं चित्रें मागें पडत असतील, तर दोष बहुधा कॅमेरा व राऊटर यांच्यामध्यें असतो. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती आणि भिजलेलीं झाडें वायफायच्या लहरी शोषून घेतात. चित्राचे तुकडे वाटेंत गळतात, पुन्हां पाठवावे लागतात, आणि तेवढा वेळ जातो. पांच गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून कमी जातात, म्हणून दूरच्या कॅमेऱ्यास २.४ गिगाहर्ट्झ बरें. सर्वांत उत्तम उपाय केबलचा. ती शंभर मीटरपर्यंत चालते.

घरांतलें चित्र ठीक व बाहेरचें मागें, असें आढळल्यास अपलोड तपासावें. आमचें दुखणें हेंच निघालें. चारही कॅमेरे अहोरात्र स्पष्ट चित्र बाहेरच्या सर्व्हरवर साठवणीस पाठवीत. अशा एका चित्रास सेकंदाला दोन ते चार मेगाबिट लागतात; चौघांचे मिळून आठ ते सोळा. आमचें अपलोड त्याहून कमी होतें. अरुंद पुलापाशीं गाड्या तुंबाव्या, तशीं चित्रें तुंबत होतीं.

मग आम्हीं मोबाइलसाठीं 'सबस्ट्रीम', म्हणजे कमी तपशिलाचें चित्र निवडलें. स्पष्ट चित्र कॅमेऱ्यांतील मेमरी कार्डावरच साठविलें. आणि सेकंदास २५ चित्रांऐवजीं १५ ठेविलीं. उशीर दोन सेकंदांवर आला.

ते दोन सेकंद राहणारच. अंगणांतील शेवाळ आम्हीं खरवडून काढलें आहे, व घराची एक किल्ली आतां काकूंकडे असते.