आधी करार, मग विमान

पुण्या-नाशिककडची बरीच तरुण जोडपी आता नोकरीसाठी नेदरलँड्सला जातात. निघताना सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, 'तिथं तीस टक्के पगारावर कर नाही.' ही सवलत काय आहे आणि जोडीतल्या बाईच्या हातून ती कशी निसटते, ते आज पाहू.

परदेशातून बोलावून घेतलेल्या कुशल माणसाला तिथली कंपनी पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम करमुक्त देऊ शकते. वर्षाला ८०,००० युरो पगार असेल, तर २४,००० वर कर नाही, तो उरलेल्या ५६,००० वरच. परक्या देशात संसार मांडण्याचा जादा खर्च म्हणून हे पैसे. पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. पण सवलत जास्तीत जास्त पाच वर्षं. पूर्वी आठ होती, २०१९ पासून पाच झाली. आणि २०२४ पासून सवलत घेऊ लागलेल्यांना २०२७ पासून ३० ऐवजी २७ टक्के.

कामाला लागण्याआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ हून अधिक महिने डच सीमेपासून दीडशे किलोमीटरपलीकडे राहिलेलं असावं लागतं. आपल्याला त्याची काय काळजी! करपात्र पगाराची किमान मर्यादाही आहे, ती दरवर्षी बदलते. खरी मेख आहे 'परदेशातून बोलावून' या शब्दांत. नवऱ्याला नोकरी लागली, त्याच्या मागोमाग बायको गेली, सहा महिन्यांनी तिनं तिथंच नोकरी शोधली, तर ती तिथलीच रहिवासी ठरते आणि तिला सहसा ही सवलत मिळत नाही. तीच इंजिनिअर, तेवढाच पगार, पण कर पूर्ण. इथं असतानाच मुलाखती देऊन करारावर सही केली असती, तर दोघांनाही सवलत मागता आली असती. 'आधी तिकडे जाऊ, मग बघू' हे आपण फार सहज म्हणतो. ते महाग पडतं.

राहण्याच्या परवान्याचंही असंच. कुशल कामगाराच्या बायकोला तिथं नोकरीसाठी वेगळा परवाना लागत नाही, ही मोठी सोय. मात्र तिचं राहणं नवऱ्याच्या परवान्याला बांधलेलं असतं. त्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. स्वतःच्या नावाचा स्वतंत्र परवाना साधारण पाच वर्षांनी मागता येतो. घरात मारहाण होत असेल, तर त्याआधीही. हे लक्षात ठेवा, आणि जाणाऱ्या लेकी-सुनांच्या कानावर घाला.

एक चांगली गोष्ट: तिथल्या सरकारी वृद्धापकाळ पेन्शनचा हक्क राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन टक्क्यांनी वाढतो. घर सांभाळणाऱ्या बाईचाही.

इथल्या मुदत ठेवी विसरू नका. २०२५ पासून नव्यानं सवलत घेणाऱ्यांना भारतातली बचतही तिथल्या विवरणपत्रात दाखवावी लागते. आणि सवलतीचा अर्ज कंपनीसोबत, कामाला लागल्यापासून चार महिन्यांच्या आत करावा. उशीर झाला, तर मागच्या महिन्यांची सवलत बुडते.