कुलूप दाराला, गळती कागदात

मार्चअखेर गोडाऊनमधला माल मोजायला घ्यावा आणि पुस्तकातला आकडा रॅकवरच्या मालाशी जुळू नये, हे पुष्कळ धंद्यांत दरवर्षी घडतं. मालकाची शंका ठरलेल्या लोकांवर जाते: रात्रपाळीचा वॉचमन, हमाल, नाहीतर नुकताच लागलेला पोऱ्या. मग नवं कुलूप येतं, दोन कॅमेरे वाढतात, सुटताना डबे उघडून झडती सुरू होते. पुढच्या मार्चला तूट पुन्हा तेवढीच. मोठ्या तुटीच्या मुळाशी फोडलेली भिंत क्वचितच सापडते. माल आणि पैसा चलनावर सही होऊन, काट्यावर वजन होऊन, बिल छापून राजरोस गेटबाहेर पडलेला असतो.

'जुना माणूस आहे, तो असं करणार नाही'

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. अपहारांचा तपास करणाऱ्यांची 'असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स' ही जागतिक संस्था दर दोन वर्षांनी घडून गेलेल्या प्रकरणांचा अहवाल काढते. २०२४ च्या अहवालात १,९२१ प्रकरणं आहेत. सापडलेल्यांपैकी बहुतेकांवर आधी कुठलाही गुन्हा नव्हता, आणि माणूस जितका जुना, तितकं त्याने केलेलं नुकसान मोठं. नवल वाटायला नको. गल्ल्याची किल्ली, चेकबुक आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड या तिन्ही गोष्टी नव्या पोऱ्याच्या हाती कधी येतात? त्या पंधरा वर्षं टिकलेल्या माणसाकडेच जातात. अपहार सुरू झाल्यापासून उघडकीला येईपर्यंत मध्ये साधारण बारा महिने जातात, असंही हा अहवाल सांगतो.

डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने तुरुंगात जाऊन अपहार केलेल्यांशी बोलून १९५३ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. त्याला तीन गोष्टी एकत्र दिसल्या: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी आलेली संधी, आणि 'मी चोरी थोडीच करतोय, नंतर परत ठेवीन' ही स्वतःची घातलेली समजूत. पहिली आणि तिसरी गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात असते, तिथवर मालकाचा हात पोचत नाही. संधी मात्र बऱ्याचदा मालकानेच दिलेली असते.

म्हणून माल मागवणारा, उतरवून घेणारा आणि बिल चुकतं करणारा अशी तीन वेगळी माणसं लागतात. छोट्या दुकानात तिघं कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. तिथे निदान बँकेचं स्टेटमेंट मालकाने स्वतः उघडावं, दिवाणजीने छापून आणलेलं पाहू नये. आणि वर्षानुवर्षं एकही रजा न घेणाऱ्या कॅशियरचं कौतुक जरा आवरतं घ्यावं. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलंय की, संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवा. रोज ठिगळ लावून झाकलेला हिशेब त्या खुर्चीत दुसरा माणूस बसला की उसवतो. 'विश्वास पानिपतात गेला' असं आपण हसत म्हणतो खरे, पण या व्यवस्थेत अविश्वासाचा भाग कमी आहे. उद्या तूट निघालीच, तर प्रामाणिक माणूस एकटा कात्रीत सापडत नाही.

'दरवर्षी ऑडिट होतंच की'

त्याच अहवालात बाहेरच्या ऑडिटमुळे उघडकीला आलेली प्रकरणं ३ टक्के आहेत. कुणीतरी येऊन सांगितल्यामुळे उघडकीला आलेली ४३ टक्के, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त तिथलेच कर्मचारी. गोडाऊनमध्ये काय चाललंय हे हमालाला आधी कळतं, सीएला शेवटी. हमालाने ते कुणाला सांगायचं, आणि सांगितल्यावर त्याची नोकरी राहील का, हे आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी ठरलेलं असतं.

'कॅमेरा लावलाय, आता चिंता नाही'

कॅमेरा चोरी थांबवत नाही, ती टिपतो. तीही हार्डडिस्क भरेपर्यंत. त्यानंतर जुन्या चित्रणावर नवं चढतं, आणि पुष्कळ ठिकाणी महिन्याभरापूर्वीचं काही शिल्लक नसतं. बारा महिन्यांनी लक्षात आलेल्या अपहाराला त्याचा उपयोग काय? शिवाय चित्रण साठवणारी डीव्हीआरची पेटी काउंटरखाली उघड्यावर असली, तर शटर तोडून आलेला चोर जाताना तीही घेऊन जातो.

चित्रण कोर्टात टिकणं आणखी वेगळं. यातला महत्त्वाचा निकाल जालन्याच्या एका निवडणूक वादातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत भरला गेला की नाही, यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून पुढे आलं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ यंत्र हजर न करता नक्कल देणार असाल, तर कायद्यातलं प्रमाणपत्र जोडावंच लागेल. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तेव्हा मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढून 'पुरावा आहे माझ्याकडे' म्हणत फिरण्यात अर्थ नाही. पोलिसांत जायचं असेल, तर डीव्हीआरमधलं चित्रण पुसलं जाण्याआधी सुरक्षित करा आणि वकिलाला विचारून पुढे जा.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग हिशेबाशी जोड घालण्यात आहे. गिऱ्हाईक रोख देतं, बिल न घेता निघून जातं. काउंटरवरचा माणूस पाच मिनिटांनी ते बिल रद्द करतो. सॉफ्टवेअरच्या लेखी विक्री झालीच नाही, नोट खिशात, आणि रॅकवर कमी पडलेला माल वर्षअखेर 'गिऱ्हाइकांची उचलेगिरी' म्हणून लिहिला जातो. रद्द झालेल्या बिलांची यादी काढा, प्रत्येकाच्या वेळेचं चित्रण पाहा. समोर गिऱ्हाईकच नाही अशी दोन-तीन बिलं निघाली, तर बाकीचं आपोआप कळेल. फक्त डीव्हीआरचं घड्याळ आणि बिलिंगचं घड्याळ आधी जुळवून घ्या, नाहीतर भलताच माणूस दिसायचा.

'भंगारात काय चोरणार?'

चाकण, भोसरी, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत कच्च्या मालावर चार सह्या असतात आणि भंगारावर एकही धड नसते. भंगारवाल्याची गाडी आधी रिकामी काट्यावर येते, मग भरून येते. दोन वजनांतला फरक म्हणजे माल, त्याचेच तो पैसे देतो. आता रिकाम्या गाडीत ताडपत्रीखाली दगड असतील, पाण्याचा पिंप भरलेला असेल, केबिनमध्ये ड्रायव्हरबरोबर आणखी तिघं बसलेले असतील, तर रिकामं वजनच जास्त भरतं. काट्यावरून उतरताच दगड खाली, पाणी गटारात, माणसं चहाला. जितकं वजन उतरवलं, तितकं भंगार फुकट. यात वॉचमनला डोळे मिटावे लागत नाहीत. पावती खरी, शिक्का खरा, गेटपास खरा.

यावर उपाय फुकटात आहेत. काट्यावर गाडी असताना ड्रायव्हरसकट सगळ्यांनी खाली उतरायचं. ताडपत्री काढून फोटो. रिकाम्या गाडीचं वजन आरसी बुकात लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून पाहायचं. आणि भंगाराचा भाव ठरवणारा माणूस काट्यावर उभा राहायचा नाही. वरवर चुरा पसरून खाली तांब्याची वायर जाते की काय, हे पाहायला अधूनमधून एखादी गाडी अचानक उपसायला लावायची. एकदा केलं तरी महिनाभर पुरतं.

'विमा आहे ना'

कोणता? आगीची पॉलिसी साध्या चोरीचे पैसे देत नाही. घरफोडीच्या पॉलिसीत बहुधा अट असते की आत येताना किंवा बाहेर जाताना बळाचा वापर झालेला हवा. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंदराय चंदनलाल या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: पॉलिसीत बळजबरीची अट असेल, तर नुसत्या चोरीला भरपाई नाही. कुलूप शाबूत, माल गायब, दावा नामंजूर. कुंपणच शेत खात असेल, तर त्यासाठी फिडेलिटी गॅरंटी नावाचा निराळा विमा आहे. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला तेवढं नक्की विचारावं.

'तूट आली की पगारातून कापायची'

वेतनाचा कायदा हे सरसकट करू देत नाही. माल किंवा पैसा त्या माणसाच्या ताब्यात दिलेला हवा, नुकसान त्याच्याच हलगर्जीने झालेलं हवं, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. दहा जणांत तूट वाटून टाकली की चोर निर्धास्त होतो, आणि संन्याशाला फाशी होते ती निराळीच.

चोरी टाळण्यासाठी मागचं दार बाहेरून कुलूपबंद ठेवण्याची सवय तर याहून वाईट. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली आणि १४६ जण गेले. बाहेर पडायचं एक दार बंद होतं, कारण कामगारांच्या पिशव्या तपासायला एकच वाट हवी होती. दाराला आतून ढकलताच उघडणारा आणि उघडताच भोंगा वाजवणारा बार बाजारात मिळतो. तो लावा.

'आम्ही लहान, आमच्यामागे हॅकर कशाला लागेल?'

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिथे सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती, बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढले गेले. हे ऐकून लहान कारखानदार निर्धास्त होतो. पण २०२२ मध्ये पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटला एक कोटीहून जास्त रकमेचा गंडा बसला, तेव्हा कुणी काही 'हॅक' केलं नव्हतं. तिथले प्रमुख आदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला की अमुक खात्यांवर लगेच पैसे पाठवा, आणि ते पाठवले गेले. हा प्रकार तीन माणसांच्या ऑफिसातही तितकाच चालतो. तिथे तर 'साहेबांना विचारू का?' म्हणायचीही चोरी.

साहेबांनीच आज सगळ्यांना सांगून ठेवावं, की माझ्या नावाने पैशाचा निरोप आला तर माझ्या नेहमीच्या नंबरवर फोन करून विचारा, मी रागावणार नाही. पुरवठादाराचा 'आमचं खातं बदललंय' असा ईमेल आला, तरी तसंच: ईमेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन. आणि एवढं करून पैसे गेलेच, तर घरच्या घरी चौकशी करत बसू नका. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, लगोलग आपल्या बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार पोचली, तरच ते गोठवता येतात.